मुद्देमाल: राख, अंदाजे दोन किलो

उंबरवाडी, ता. खालापूर
१९ मार्च २०२५

ती. आबाजीदादांस चांगोचा नमस्कार.

फोन करावा तर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि माझा फोन पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला आहे. म्हणून हा कागद. कमलेश दुधाचा टेंपो घेऊन रोज भिसेगावला येतो, त्याच्याजवळ देतो आहे. उत्तरही त्याच्याकडेच द्या. तोही आरोपी आहे, दोन नंबरचा. एक नंबरला मी.

हसू नका. तुम्ही कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलीत आणि तुमचा मामेभाऊ पन्नाशीला येऊन जबरी चोरीत सापडला. सकाळी गावदेवीची पूजा, दिवसभर खालापुरात हार्डवेअरच्या दुकानात खिळे-कड्या मोजणं, एवढंच माझं आयुष्य. त्यात हे कुठे बसतं ते मलाही कळत नाही.

झालं असं. शिमग्याला आपल्याकडे होळीचं लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात, हे तुम्हांला सांगायला नको. उंबरवाडी तुमचं आजोळ. मागितलेलं लाकूड देवीला चालत नाही. ज्याचं नेलं त्याने ‘चोर, चोर’ म्हणून बोंब मारायची, नेणाऱ्याने हसत पळायचं, आणि संध्याकाळी होळीपुढचा पहिला नारळ त्याच घरधन्याच्या हातून वाढवायचा.

होळीच्या दिवशी दुपारी चारला आम्ही देवीचा मुखवटा घेऊन फिरत होतो. रस्त्याला बांबू आडवा धरला होता. तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या बंगल्यातले विलासराव आपल्या गाडीतून आले. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ, सत्तरीचे, तीन वर्षं एकटेच राहतात. गाडीच्या टपावर झोपाळ्याची सागवानी फळी बांधलेली. कर्जतहून पॉलिश करून आणत होते. कमलेशने दोरी सोडली. त्यांनी फळीचं एक टोक धरलं, आम्ही दुसरं. थोडी ओढाताण झाली. ते ‘चोर, चोर’ ओरडले. आम्हांला आनंद झाला, की माणूस गावात मिसळला. फळी होळीत गेली. सागवान काय जळतं, दादा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी फिर्याद दिली. मी, कमलेश, मनोज आणि साईराज, चौघांना धरलं. एक रात्र आत काढली. कोर्टाने जामीन दिला आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावली. पोलिसांनी माझा कोयता नेला आणि होळीची राख पिशवीत भरून नेली. पंचनाम्यात लिहिलंय, ‘मुद्देमाल: राख, अंदाजे दोन किलो.’ बाकीच्या मुद्देमालाने जिजाने आधीच भांडी घासली होती. मुखवटा मात्र नेला नाही. देवळात हात घालायला हवालदार तयार होईना.

मला माझं काही नाही. जिजाला आणि मला आमच्या हर्षदची काळजी आहे. पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलं. मैदानी झाली, लेखी झाली, वैद्यकीय झाली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली आहे, आणि ती याच ठाण्यातून व्हायची. बाप जामिनावर असला तर मुलाची नोकरी जाते का, एवढं कळवा. त्याचं नाव फिर्यादीत नाही. फिर्यादीची नक्कल सोबत जोडली आहे.

तुमचा
चांगो


भिसेगाव, कर्जत
२१ मार्च

चि. चांगोस अनेक आशीर्वाद. एक थोबाडीतही द्यायची आहे, ती भेटल्यावर.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बापाच्या गुन्ह्याने मुलाची नोकरी जात नाही. स्वतःचं नाव आलं तर जाते, आणि मग कुठला देव आडवा येत नाही. हर्षदचं नाव नाही, तर तो सुटला. तू स्वतःचं बघ.

तुला वाटतंय तू फळी चोरलीस. तसं नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली हलवता येणारी वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने हलवली की चोरी. हलवली की झाली, घरापर्यंत न्यायलाही लागत नाही. पण त्या चोरीसाठी माणसाला इजा केलीस, त्याची वाट अडवलीस, किंवा आत्ता इथल्या इथे तुला मारतो अशी भीती घातलीस, की ती जबरी चोरी. भारतीय न्याय संहिता, कलम तीनशे नऊ. दहा वर्षांपर्यंत. तीच पाच जणांनी मिळून केली तर तीनशे दहा, दरोडा, जन्मठेपेपर्यंत. बाजूला उभं राहून मदत करणाऱ्यालाही त्या पाचांत मोजतात. आणि त्यात प्राणघातक हत्यार वापरलं, तर सात वर्षांच्या खाली उतरायची न्यायाधीशाला इच्छा झाली तरी उतरता येत नाही. आमच्या वेळी कलमांचे आकडे वेगळे होते, पण तुरुंगाच्या भिंती त्याच आहेत.

फिर्याद वाचली. दोनदा वाचली. लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे. ‘पाच इसमांनी संगनमताने.’ ‘बांबू आडवा लावून अटकाव केला.’ ‘धारदार कोयत्याच्या धाकाने तत्काळ मृत्यूची भीती निर्माण झाल्याने.’ एक घटक सुटलेला नाही. हल्ली असं कोण लिहितं? असो.

आता तीन गोष्टी खऱ्या खऱ्या कळव. तो राजी होता का? घाबरला होता का? आणि तुम्ही किती जण होतात? फिर्यादीत पाच आहेत. पकडले चार. पाचव्यापुढे लिहिलंय, ‘तोंडाला लाकडी मुखवटा असलेला अनोळखी इसम.’ सध्या तुमच्यावर जबरी चोरी लागली आहे, ती तो सापडला नाही म्हणून. सापडला की दरोडा.

पाकीट नीट चिकटवून पाठव. मागचं अर्धवट उघडं होतं. कमलेश, हे वाचत असशील तर दुधात पाणी कमी घाल.

आबाजी


उंबरवाडी
२५ मार्च

ती. आबाजीदादांस नमस्कार.

कमलेश म्हणतो, पाणी म्हशीच घालतात.

तुमच्या प्रश्नांवर मी दोन दिवस विचार केला. देवीपुढे बसून केला, कारण तिथे स्वतःशी खोटं बोलता येत नाही.

राजी होता का? दादा, तो ‘चोर, चोर’ ओरडला. आपल्या रीतीने याचा अर्थ राजी असाच होतो. राजी नसलेला माणूस गप्प राहतो, दार लावून घेतो. येसूबाईने गेल्या वर्षी लावलं होतं, आम्ही तिच्या काटकीलाही हात लावला नाही.

घाबरला होता का? मला तसं दिसलं नाही. कोयता माझ्या कमरेच्या आकडीत होता, नारळासाठी. मी तो उपसला नाही. वय झालेल्या माणसाला बघून उलट मीच म्हटलं, “जपून, विलासराव, कड लागंल.” खालच्या अंगाला पॉलिश नव्हतं, तिथली लाकडाची कूस त्यांच्या बोटात गेली. डॉक्टरच्या कागदावर तिला दुखापत म्हटलंय. फळीने केलेली दुखापत माझ्या नावावर का?

किती जण होतो? चौघं आणि देवी.

काल हजेरीला गेलो तेव्हा साहेबांनी हेच विचारलं. साहेब माणूस बरा आहे, चहा दिला. मग म्हणाले, “पाचवा कोण?”

कमलेश म्हणाला, “साहेब, देवी.”

“देवीचं पूर्ण नाव?”

“गावदेवी.”

“राहणार?”

“देवळात.”

“वय?”

“लय जुनी हाय, साहेब. माजा आजा तिला म्हातारी म्हणायचा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मुखवट्यात माणूस होता की नव्हता?” कमलेशने ठोकून दिलं, की मुखवटा काठीला बांधला होता. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या कपात बघितलं. ते म्हणाले, “पुढच्या सोमवारी नीट आठवून या.”

तुम्हांला रीत ठाऊक आहे. मुखवटा चढवला की माणसाचं नाव उतरतं. पुढच्या शिमग्यापर्यंत ते कोणी घेत नाही. म्हणजे मी लिहिलं ते खोटं नाही, चौघं आणि देवी. माणूस चौथ्यावर संपतो. मग दरोडा कसा होईल?

चांगो


भिसेगाव
२७ मार्च

चि. चांगोस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो, की शेजारची आवडी पाणी घेऊन धावली.

फिर्यादी चोर-चोर म्हणून ओरडला, हीच त्याची संमती! हे तू कोर्टात म्हण. मी काठी टेकत बघायला येईन. तुझी रीत उंबरवाडीच्या शिवेपर्यंत चालते, कायद्याला शीव नाही. तरी यात एक धागा आहे, तो सांगतो. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. समोरच्याची संमती आहे असं तुम्ही मनापासून समजलात, आणि तसं समजायला काही आधार होता, तर हेतू लंगडा पडतो. पण तो आधार तू बोलून भागत नाही. समोरचा बोलला पाहिजे.

कूस. इजा ही चोरीसाठी आणि जाणूनबुजून केलेली लागते. कूस फळीने घुसवली, तुम्ही नाही. हा मुद्दा तुझा खरा आहे, देवीने सांगितला असेल तर तिला वकिली जमेल.

पण भीतीचं तसं नाही. भीती तुला दिसली नाही म्हणून नव्हती असं होत नाही. कोयता उपसायलाच लागतो असंही नाही, नुसता दिसला आणि माणूस हबकला तरी पुरे होतं. ती ज्याच्या पोटात असते त्याने सांगायची. त्याने कागदावर सांगितली आहे.

आणि देवी! अरे शहाण्या, देवस्थानची जमीन कोणाच्या नावावर आहे? सात-बारा काढून बघ. कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावाने जमीन होते, दावा होतो, निकाल होतो. तू तिला पाचवी मोजून सुटायला गेलास आणि म्हातारीलाच आरोपी नंबर पाच करून बसलास. उद्या तिलाही सोमवारी हजेरी लागेल, मग पूजा कुठे करशील? ठाण्यात?

थट्टा पुरे. मुखवट्यात माणूस होता. दर वर्षी तूच असतोस, पण यंदा कोयता तुझ्या कमरेला होता, म्हणजे दुसरा कोणीतरी. तो पिऊन पडणारा जयवंता का? कोणी का असेना. पुढच्या हजेरीला कमलेशचंच धरून चाला. मुखवटा काठीला बांधला होता, हात आम्ही चौघंच. चार राहिलात तर निदान दरोड्याच्या खाली राहाल. माणूस एकदा कमी केला की कमीच ठेवायचा.

आबाजी


उंबरवाडी
१ एप्रिल

ती. आबाजीदादांस नमस्कार.

पाकीट दोनदा चिकटवलं आहे, वर मेणही ओतलं आहे. कमलेशला सगळं माहीतच आहे, पण टेंपोत आणखी माणसं बसतात.

काल साहेबांपुढे मी काही बोललो नाही. काठी म्हणालो नाही, माणूसही म्हणालो नाही. ते म्हणाले, “चांगो, तू खोटं बोलत नाहीस हे मला कळतं. म्हणूनच तुला विचारतोय.” आणि मग टेबलावरची एक फाईल माझ्याकडे फिरवली. हर्षदची पडताळणी आली आहे. फोटो लावलेला, दाढी केलेला, गालावर ब्लेड लागल्याची खूण. साहेब म्हणाले, “याचं सोमवारी करून टाकू. पोरगं चांगलं दिसतंय.” त्यांना काही संशय आहे की नाही, मला समजलं नाही.

आजवर शिमग्याचं नाव मी घेतलं नाही. आज घेतो, देवी मला क्षमा करो. मुखवट्यात हर्षद होता.

दर वर्षी मीच असायचो. यंदा गुडघा दुखत होता. आणि खरं सांगू का, पोरगं नोकरीला गेलं की परत शिमग्याला सुट्टी मिळेल की नाही, म्हणून मीच म्हटलं, “एवढ्या खेपेला तू घे रं.” मीच त्याच्या कपाळाला पट्टा बांधला. फळीचं टोक त्याने सोडवलं. ओढाताण त्याच्याशीच झाली.

आता तुमचा सल्ला आणि माझं मन यांत भांडण आहे. काठी म्हणालो तर चौघं दरोड्यातून सुटतात आणि हर्षद पोलीस होतो. पण ज्या मुखवट्याला मी रोज फूल वाहतो तो रिकामा होता असं म्हणायचं. आणि ज्याच्या नोकरीची सुरुवातच बापाच्या खोट्या जबाबावर झाली तो पुढे दुसऱ्यांचे जबाब कसे घेणार? खरं बोललो तर पाचही दरोड्यात, आणि पोरगं दोन वर्षं पहाटे उठून धावलं ते मातीत. हर्षद म्हणतो, “बाबा, सोमवारी मीच जाऊन सांगतो.” जिजा म्हणते, “सांगशील तर मी विहिरीत जीव दीन.” विहिरीला पाणी नाही हे तिलाही ठाऊक आहे, तरी मी वर झाकण टाकून आलो.

माझं मन खरं बोलायच्या बाजूला झुकलं आहे. सोमवारी, सात तारखेला. तोपर्यंत काही वाट असेल तर दाखवा.

जिजा रोज दिवा लावताना फिर्याद लिहिणाऱ्याला शिव्या घालते. म्हणते, “त्या बंगलेवाल्याला एवढं कुठलं लिवता येतंय! कुणीतरी मेल्यानं लिवून दिलंय, त्याची बोटं झडोत.” मी तिला म्हणतो, देवापुढे असं बोलू नये. पण मनातून मलाही तेच वाटतं.

चांगो


भिसेगाव
२ एप्रिल

चांगो,

जिजाला सांग, बोटं शाबूत आहेत.

ती फिर्याद मी लिहिली.

निवृत्तीनंतर मी ओट्यावर बसून अर्ज लिहून देतो, हे तुला ठाऊक आहे. चौदा तारखेला सकाळी एक गृहस्थ आले. बोटाला पट्टी. कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. चहा घेतला, तासभर बोलले. मी दीड पान काढलं. गावाचं आणि मग तुझं नाव लिहिताना पेन थांबलं होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. शिमगा म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं मी पडणाऱ्या केसेस पाहिल्या, रे. कुठे अटकाव लिहायचा राहिलेला, कुठे भीती. आमच्यासमोर चोर हसत बाहेर जायचे. म्हटलं, एक तरी फिर्याद अशी लिहावी की तिला कोणी हलवू शकणार नाही. मसुदा रंगला. मला वाटलं, ठाण्यात समज देऊन सोडतील. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं, की माझ्या अक्षराने तुला आत टाकलं. आणि तरीही मी तुला लिहिलं, ‘लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे.’ एवढा मी हलकट.

आता ऐक. माझ्याकडे कच्चा कागद आहे. विलासराव बोलत होते ते मी आधी भराभर टिपलं होतं आणि मग जे कलमात बसत नव्हतं ते खोडलं होतं. खोडलेलं आज भिंगाखाली धरून वाचलं. जसंच्या तसं लिहितो.

‘मला गंमत वाटली. लहानपणी चाळीत आम्हीही लाकडं पळवायचो.’ हे मी खोडलं.

‘कोयतेवाला म्हणाला, जपून, कड लागेल.’ हे खोडलं.

‘घाबरलात का?’ असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘घाबरलो म्हणजे, दचकलो.’ मी ‘तत्काळ मृत्यूची भीती’ लिहिलं.

‘संध्याकाळी मी नवा सदरा घालून पडवीत बसलो होतो. दूधवाला म्हणाला होता, ज्याचं लाकूड नेतात त्याला नारळाला बोलावतात. होळी पेटलेली दिसली. नऊ वाजेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही.’ हे खोडलं. गुन्ह्याशी संबंध नाही, असं समासात लिहिलंय. माझंच अक्षर.

आणि शेवटी: ‘तीन वर्षांत माझ्या झोपाळ्यावर कोणी बसायला आलं नाही. फळी न्यायला मात्र पाच जण आले.’ यातलं ‘पाच जण’ तेवढं मी ठेवलं.

चांगो, तुम्ही त्याला नारळाला का बोलावलं नाहीत?

दरोडा आपसांत मिटवता येत नाही, हे पक्कं. पण फिर्यादीने स्वतःच्या मनाने पुरवणी जबाब दिला, की भीती नव्हती, तर जबरी उरत नाही. जबरी नाही तर दरोडा नाही, मग पाच असोत की पन्नास. राजी होतो म्हणाला तर चोरीही नाही. पोलीस गैरसमजातून दाखल गुन्हा म्हणून अहवाल पाठवतात, त्याला क समरी म्हणतात, आणि कोर्ट कागद बंद करतं. पण हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. जामिनावरच्या आरोपीने फिर्यादीवर दबाव आणला असं झालं, तर जामीनही जाईल. म्हणून जबाबाविषयी चकार शब्द काढायचा नाही. राहिलेलं देणं द्यायला जायचं. साहेबांना आधी सांगून जा. दिवसाउजेडी जा. कोयता नेऊ नका. आणि देवाशपथ, पाच जण जाऊ नका. चार जा नाहीतर सहा जा.

मला माफ कर असं लिहिणार नाही. जिजाने शिव्या चालू ठेवाव्यात.

आबाजी


उंबरवाडी
७ एप्रिल, सकाळ

ती. आबाजीदादांस नमस्कार.

कमलेश टेंपो चालू करून उभा आहे, तेव्हा घाईत लिहितो.

तुमच्या पत्राचा राग आला. दोन दिवस आला. मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलो तर राग माझ्याकडेच वळला. विलासरावांना नारळाला का बोलावलं नाही? कारण आम्ही धरून चाललो, की मुंबईचा माणूस आहे, कशाला येतोय. लाकूड घेताना तो गावचा, मान देताना मुंबईचा. याला कुठलं कलम आहे का, दादा? असेल तर ते मात्र आम्हांला लागतं.

काल रामनवमी होती. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, “मी ऐकलं नाही.” जन्माची वेळ आटोपून आम्ही चौघं, हर्षद आणि जिजा असे सहा जण गेलो. नारळ, मुखवटा आणि नवी फळी. फळी फणसाची, मनोजच्या दारातली, साईराजने रंधा मारून गुळगुळीत केलेली. दोन्ही अंगांनी.

विलासराव पडवीत होते. उठले नाहीत. मी म्हटलं, “विलासराव, नारळ तुमचा राहिला हाय. चूक आमची.” तेवढ्यात हर्षद पुढे झाला. मी ठरवलं नव्हतं, तोही काही बोलला नव्हता. त्याने मुखवटा त्यांच्या पायांशी ठेवला आणि म्हणाला, “काका, यात मी होतो. फळी मी ओढली. तुमच्या बोटाला लागलं ते माझ्यामुळं.”

जिजाने डोळे मिटले.

विलासराव म्हणाले, “माहीत आहे. मुखवट्याखाली नारिंगी नाड्यांचे बूट होते. दोन वर्षं रोज पहाटे साडेपाचला माझ्या फाटकावरून धावत जातात. त्या आवाजाने मी उठतो. तू भरतीला गेलास की मला गजर लावावा लागेल.”

मी म्हटलं, “मग फिर्यादीत अनोळखी कसं?”

“लिहिणारा फार हुशार होता,” ते म्हणाले. “त्याने विचारलं, पाचवा कोण. मी म्हटलं, अनोळखी. तेवढंच त्याने मी सांगितलं तसं लिहिलं.”

दादा, हे मी तुम्हांला टोचायला लिहीत नाही. थोडंसं टोचायलाच लिहितो.

नारळ त्यांनी वाढवला. फळी मी बसवली, कड्या आमच्या दुकानातल्या. मग ते हटूनच बसले, की सगळ्यांनी बसायचं. मधे फिर्यादी, इकडे तिघं, तिकडे दोघं. जिजा झोका देत होती. चौथ्या झोक्याला कडी निसटली. कडी नवीन होती, मीच बसवली होती, आता काय सांगू. विलासराव आधी खाली, आणि त्यांच्यावर आम्ही पाच जण, संगनमताने.

उठवलं तेव्हा कंबर धरून होते. मग म्हणाले, “उद्या भिसेगावला जातो. सगळं लिहून घ्यायचंय.” आणि आत गेले.

काय लिहून घेणार ते सांगितलं नाही. या खेपेला पाच जण होतो, दुखापत खरी होती, आणि हत्यार कमरेला नव्हतं पण कडी माझी होती. आज हजेरी आहे. साहेबांनी विचारलं तर हर्षद खरं सांगणार आहे. ते तुमच्याकडे आले तर पेन जरा जपून चालवा.

चांगो


भिसेगाव
१२ एप्रिल

चि. चांगोस आशीर्वाद.

सोमवारी नऊला आले. उशी घेऊन आले, आमच्या ओट्याला मऊपणा नाही हे त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, “विलासराव, मागची फिर्याद मी चुकीची लिहिली.” ते म्हणाले, “चुकीची कुठे? उत्तम होती. फक्त माझी नव्हती.”

मग बोलायला लागले. मी टिपत गेलो. तीन तास. या वेळी काही खोडलं नाही. चाळ, चाळीतली होळी, झोपाळा, नवा सदरा, नऊ वाजेपर्यंत पडवी, नारिंगी नाड्या, फणसाची फळी, आणि कडी. तुझी कडीही आहे त्यात, सुटत नाहीस. अकरा पानं झाली. दचकलो होतो, घाबरलो नव्हतो. बांबू आडवा होता, पण मला कुठे जायची घाई नव्हती. ओरडलो ते हौसेने. रागावलो ते फळीसाठी नाही.

मी बरोबर गेलो ठाण्यात. तुम्ही पाचही बाकावर बसला होतात, म्हणून मला बघून जिजा बाहेरून काय म्हणाली ते तुम्हांला ऐकू आलं नसेल. मला ऐकू आलं. कानाचं मोठं यंत्र लावून गेलो होतो. हर्षद उभा राहून ‘पाचवा मी’ म्हणाला, तेव्हा साहेबांनी अकरा पानांवरून नजरही उचलली नाही. म्हणाले, “बस. चौथ्या पानावर तुझे बूट आलेत.” सगळं वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मधे दोनदा कपाळाला हात लावला, एकदा डोळ्यांना. मग त्यांनी आपल्या पद्धतीने पुरवणी जबाब पाऊण पानात घेतला. त्यांनाही कलमात बसवावंच लागतं. पण माझी अकरा पानं फाडली नाहीत, फाईलला जोडली.

काल पुन्हा गेलो होतो. क समरीचा अहवाल कोर्टाकडे गेला. कोर्टाचा हुकूम यायला वेळ लागेल, तोवर सोमवार चुकवू नकोस. आणि हर्षदच्या कागदावर साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं, ‘प्रतिकूल काही आढळले नाही,’ आणि शिक्का मारला. शिक्का दोनदा मारला, पहिला पुसट आला होता.

मुद्देमाल परत मिळेल का, असं कमलेशने विचारलंय. मिळेल. अर्ज कर, राखेची पावती घे.

अर्जाच्या वर एक रकाना असतो, तो मी दर वेळी आधी भरतो आणि मग मजकूर. या वेळी तो शेवटपर्यंत रिकामा राहिला. निघताना मी विलासरावांना विचारलं, इथे काय लिहू? त्यांनी चष्मा पुसला, उशी काखेत घेतली आणि सांगितलं. मी एक अक्षर न बदलता लिहिलं.

घटनेचे स्वरूप: बसायला आले होते.

आबाजी